तिथी ठरवून येणारे अतिथी

मार्गशीर्ष लागला, सकाळच्या हवेत गारवा आला, की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील अनेक घरांत एक फोन हमखास येतो. कधी तो दुबईहून असतो, कधी लंडनहून, कधी न्यू जर्सी किंवा हाँगकाँगहून. "आम्ही वीस तारखेला उतरतो, पाचला परत निघतो. एक दिवस तुमच्यासाठी राखून ठेवला आहे." फोन ठेवताच घरात आनंद पसरतो आणि त्याच्या पाठोपाठ धांदलही सुरू होते. पडदे बदलावेत काय, जेवण कोठे ठेवावे, मुलांना सुटी मिळेल काय, पाहुणे जाताना त्यांच्या हातात काय द्यावे, अशी चर्चा रात्री उशिरापर्यंत चालते.

'अतिथी' या शब्दाची परंपरेने सांगितलेली फोड अशी, की ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. परदेशातून येणाऱ्या जुन्या स्नेह्यांच्या बाबतीत मात्र येण्याचीच नव्हे, तर जाण्याचीही तिथी तिकिटावर छापलेली असते. मधल्या पंधरा दिवसांत नातलगांची लग्ने, बँकेची कामे, दातांचे डॉक्टर, पालीताणा किंवा शंखेश्वरची यात्रा हे सर्व बसवायचे असते. त्यातून आपल्या वाट्याला एक दुपार येते. त्या एका दुपारचे आपण काय करतो, हा या वेळच्या लेखाचा विषय आहे.

आपल्या भागात ही मैत्री कशी जमली, हे प्रथम तरुण वाचकांसाठी सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली गेली होती. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि १९४७च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली सुमारे एक लाख माणसे या बराकींत आश्रयाला आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीची खूण मात्र पुसली गेली नाही. आजही आपण रिक्षात बसताना 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' असेच सांगतो.

एकेका बराकीत अनेक कुटुंबे राहत. मध्ये भिंत नसेल तेथे कापडाचा आडपडदा असे. हातात भांडवल नव्हते; हिंमत मात्र होती. घरोघरी पापड लाटले जात, गोळ्या-बिस्किटे बनत, कपडे शिवले जात, आणि घरातील मुलगा तोच माल लोकलच्या डब्यात विकून संध्याकाळी पैसे घेऊन परते. कच्छ, सौराष्ट्र, मारवाड सोडून पोटासाठी इकडे आलेल्या आपल्या वाडवडिलांनी याच वस्तीत धान्याची, कापडाची, भांड्यांची दुकाने थाटली. पापडासाठी उडदाचे पीठ लागे, शिवणासाठी कापडाचे तागे लागत, आणि रोख पैसा कोणाकडेच नसे. मग माल उधारीवर जाई. खतावणीत नाव असे, तारण नसे. ज्याने आपले सर्वस्व सीमेपलीकडे सोडले त्याच्या शब्दावर पोतेभर पीठ देणे, हा हिशेब कोणत्याही मुनीमाला शिकवून येत नाही. तो त्या वेळच्या दुकानदारांनी केला, आणि पलीकडच्यांनी तो शब्द राखला. या देवघेवीतून दोन्ही समाजांचे व्यापार उभे राहिले.

त्या उधारीच्या पाठोपाठ घरोबा आला. चेटीचंडला तिकडून प्रसादाची वाटी येई, पर्युषणाच्या पारण्याला इकडून ताट जाई. अनेक सिंधी घरांतील गृहिणी शेजारच्या जैन मुलांसाठी कांद्या-लसणाचा स्पर्श नसलेली एक कढई वेगळी ठेवीत. बटाटा न घातलेली सिंधी कढी ज्यांनी लहानपणी अशा घरी खाल्ली आहे, असे वाचक आपल्यात आजही असतील. कोणी कोणाला नियम समजावून सांगत नसे. एकमेकांच्या स्वयंपाकघराची माहिती दोन्हीकडच्या बायकांना पाठ होती.

पुढे यांतील अनेक घरांची मुले दूर गेली. सिंधमधील हैदराबादचे व्यापारी, ज्यांना सिंधवर्की म्हणत, एकोणिसाव्या शतकापासूनच सिंगापूर, जपान आणि जिब्राल्टरपर्यंत पेढ्या चालवीत होते. त्या नातेसंबंधांच्या आधाराने उल्हासनगरच्या बराकींतील मुले हाँगकाँग, लागोस, कॅनरी बेटे आणि दुबई येथील दुकानांत कामाला लागली. इकडे उल्हासनगरच्या मालावरील 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', असा विनोद सर्वत्र प्रसिद्ध झाला. त्या विनोदात थोडी टिंगल असली तरी काहीही बनवून दाखवण्याच्या जिद्दीला दिलेली दादही होती.

आपल्या समाजाचीही पाऊले समुद्रापार पडली. वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले, तेव्हा त्यांच्या समुद्रपर्यटनाला समाजातील काहींचा तीव्र विरोध होता. त्याच सुमारास हालार प्रांतातील ओसवाल कुटुंबे पूर्व आफ्रिकेची वाट धरू लागली होती. तेथे त्यांनी दुकाने काढली आणि पुढे जिनालयेही उभारली. मोंबासाचे जिनालय १९६३चे आहे. १९७२ मध्ये युगांडातील ईदी अमीन यांच्या राजवटीने आशियाई रहिवाशांना ९० दिवसांत देश सोडण्यास सांगितले, आणि हजारो भारतीय कुटुंबांना पुन्हा एकदा बिऱ्हाड उचलावे लागले. त्यांतील बरीच ब्रिटनमधील लेस्टर शहरात स्थिरावली. तेथे एका जुन्या चर्चच्या वास्तूत जैन मंदिर झाले व १९८८ मध्ये त्याची प्रतिष्ठा झाली. अँटवर्पमध्ये हिऱ्यांच्या व्यापारात पालनपूरची कुटुंबे आहेत. जपानमधील कोबे येथे मोत्यांच्या व्यापारात आपले लोक आहेत, आणि तेथील मंदिर १९८५ मध्ये उभे राहिले. तात्पर्य, आज 'परदेशातील जुने स्नेही' म्हटले की एखादे सिंधी कुटुंब असू शकते, तसेच आपलेच एखादे साधर्मिक कुटुंबही असू शकते. दोघांच्या येण्यातील ओढ सारखीच असते.

मात्र येथे एक गोष्ट आपल्या लक्षात राहत नाही. आपण स्वतःला येथेच राहिलेले समजतो. पण आपणही हललो आहोत. कॅम्पातील दुकानामागची खोली सोडून कोणी अंबरनाथला आले, कोणी बदलापूरला मोठी सदनिका घेतली. उल्हासनगर ते बदलापूर हे रेल्वेचे अंतर जेमतेम १० किलोमीटर. पण ज्याच्या मनात जुना पत्ता कोरलेला आहे, त्याच्या दृष्टीने आपण तेथून नाहीसे झालो आहोत. बराकी बहुतेक गेल्या, त्यांच्या जागी मजले चढले. दुकानाची पाटी बदलली. तो परत येतो तेव्हा त्याला ओळखीची अशी एकही भिंत दिसत नाही. उरलेली असतात ती माणसे, आणि तीही वयोवृद्ध झालेली.

असा मनुष्य एका दुपारीसाठी आपल्याकडे येतो, तेव्हा बहुधा काय होते? मोठ्या हॉटेलात वीस जणांचे टेबल राखून ठेवलेले असते. एका टोकाला पाहुणे, दुसऱ्या टोकाला घरातील वडीलधारी माणसे. दोघांमध्ये गाण्याचा आवाज आणि वाढप्यांची ये-जा. आपण जागांचे भाव सांगतो, ते तिकडच्या करांविषयी सांगतात. आपण मुलाच्या व्हिसाची चौकशी हळूच पुढे सरकवतो, ते एखाद्या स्थळाविषयी विचारतात. छायाचित्रे निघतात. चॉकलेटचे डबे आणि सुक्या मेव्याची पाकिटे यांची अदलाबदल होते. गाडीत बसताना सर्वजण म्हणतात, "वेळ फार कमी पडला." वेळ कमी पडला हे खरेच असते, पण असलेली वेळही कोणाच्या वाट्याला आलेली नसते.

यात कोणाचा हेतू वाईट नसतो. आपल्या व्यापारी घरांना आतिथ्याची कसूर सहन होत नाही. पाहुण्याला उत्तमातील उत्तम द्यावे, हा संस्कार आहे. म्हणूनच आपल्या बाराव्या व्रताकडे पुन्हा एकदा नीट पाहण्यासारखे आहे.

श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत म्हणजे अतिथिसंविभाग. त्यातील मुख्य अतिथी साधू-साध्वी, हे सर्वांना ठाऊक आहे. विचार करण्यासारखा शब्द 'संविभाग' हा आहे. संविभाग म्हणजे योग्य रीतीने केलेला वाटा. कशातील वाटा? स्वतःच्या घरासाठी जे शिजले आहे त्यातील. साधूंसाठी मुद्दाम बनवलेला आहार शास्त्राने सदोष ठरवला आहे. गृहस्थाने आपल्याकरिता केलेल्या निर्दोष अन्नातून थोडे त्यांना अर्पण करावे, आणि उरलेल्यात आपण समाधान मानावे. म्हणजे या व्रतात वैभवाचे प्रदर्शन बसत नाही. आपल्या रोजच्या जगण्यातून दुसऱ्यासाठी जागा करून देणे, एवढेच त्यात बसते.

गृहस्थ स्नेही म्हणजे साधू नव्हेत, आणि त्यांच्यासाठी दोन पदार्थ अधिक करण्यात दोष नाही. पण या व्रतामागील भाव आपल्या आतिथ्याला लावून पाहावा. दूर देशी राहणाऱ्या स्नेह्याला उत्तम हॉटेल तिकडेही मिळते. त्याला जे कोठेही विकत मिळत नाही, ते म्हणजे आपल्या नित्याच्या जीवनातील वाटा. ज्या घरात तो शाळेतून परस्पर येऊन जेवायला बसत असे, त्या घराचे साधे ताट. ज्या माणसांनी त्याच्या आईवडिलांना पाहिले, त्या माणसांच्या तोंडून त्यांची एखादी आठवण. हा वाटा आपण दिला नाही, तर जगात दुसरे कोणी देऊ शकत नाही.

आमच्या परिचयातील एका कच्छी कुटुंबात दोन वर्षांपूर्वी घडलेला प्रसंग येथे सांगतो. या कुटुंबाचे कॅम्प चारमध्ये किराणा दुकान होते. आता मुले-नातवंडे बदलापुरात राहतात. घरातील बा ८८ वर्षांच्या आहेत. त्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या सिंधी शेजाऱ्यांचा मुलगा हाँगकाँगहून पत्नी आणि नातीसह भेटीस आला. तो एकोणिसाव्या वर्षी तेथील एका दुकानात नोकरीला गेला होता. आता त्याचे वय पासष्टीच्या पुढे. मुलाने अंबरनाथच्या एका हॉटेलात जेवण ठरवले होते. ऐन सकाळी बा म्हणाल्या, "मला तेथे बसवणार नाही. तुम्ही जा. मी घरी खिचडी खाईन." पाहुण्याच्या कानावर हे गेले तेव्हा तो म्हणाला, "मग मीही मासींबरोबर खिचडीच खातो." हॉटेल रद्द झाले. घरासाठी केलेली मुगाची खिचडी, कढी आणि भाजलेला पापड एवढ्यावर सर्वजण बसले.

जेवणानंतर सारे बोलून झाले, आणि घरात शांतता पसरली. पापडाचा तुकडा हातात घेऊन बा सहज म्हणाल्या, "तुला तिकडे पापड मिळत नव्हते ना? तुझ्या पत्रात होते." पाहुणा चमकला. "कोणत्या पत्रात, मासी?" बा म्हणाल्या, "तुझ्या आईला आलेले शेवटचे."

त्याची आई तो गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी वारली. तिच्या आजाराचे कळल्यावर त्याने पत्र टाकले होते. त्यानंतर आठवड्याने घरून तार पोहोचली. नोकरीचा करार होता, परतणे शक्य नव्हते. आपले पत्र आईला मिळालेच नसावे, असे धरून त्याने पंचेचाळीसहून अधिक वर्षे काढली होती. घरातील पुरुष त्या दिवसांत इस्पितळ आणि दुकान यांत गुंतलेले, आणि पुढे कोणी त्याला काही सांगितले नाही. त्यानेही कोणाला विचारले नाही.

बा सांगू लागल्या. पत्र दुपारी आले. घरात त्या दोघीच होत्या. "अक्षर तुमच्या सिंधीतले, अरबी वळणाचे. मला कुठले वाचता येणार? पलीकडच्या बराकीत मास्तर राहत, त्यांना बोलावून आणले. त्यांनी वाचले. तिने पुन्हा वाचायला लावले. पापड मिळत नाहीत हे ऐकून ती हसली. म्हणाली, पोराला जीभ माझीच मिळाली. मग पत्र उशीखाली ठेवले. तिला निरोप देताना ते मीच तिच्या पदरात ठेवले."

पुढे कोणी काही बोलले नाही. तो उठून बांच्या पायांशी बसला आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. त्याची नात, जिला हिंदीही फारसे येत नव्हते, आजीच्या कानात विचारत होती, आणि आजी तिला इंग्रजीत सांगत होती.

वाचकहो, ही गोष्ट वीस जणांच्या टेबलावर निघाली असती काय? बांनी ती लपवून ठेवली नव्हती. विचारणारे कोणी भेटले नाही, आणि सांगण्याइतकी निवांत दुपार मिळाली नाही, एवढेच. त्या दिवशी ती बोलली गेली, कारण ताटात रोजचा पापड होता आणि कोणाला उठण्याची घाई नव्हती. त्या मनुष्याचा असा वाटा या घरात इतकी वर्षे ठेव म्हणून पडून होता. बा आणखी दोन वर्षे आधी गेल्या असत्या, तर त्या ठेवीची पावतीही उरली नसती.

आपल्या प्रत्येकाच्या घरी अशा ठेवी आहेत. दुसऱ्यांच्या आईवडिलांच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांकडे आहेत. आपल्या आजोबांच्या आठवणी कदाचित लेस्टरमधील एखाद्या वृद्ध गृहस्थाकडे आहेत. खतावणीतील बाकी आपण वर्षाअखेरीस काढतो. या बाक्या मात्र ज्यांच्या स्मरणात आहेत त्यांच्याबरोबरच जातात, आणि त्या कोणत्याही वारसाला मिळत नाहीत. म्हणून येत्या हिवाळ्यातील भेटींसाठी काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट वेळेची. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. घरात चौविहार पाळणारी मंडळी असतात, आणि विमानप्रवासाने थकलेले पाहुणे रात्री नऊला ताजेतवाने नसतात. म्हणून भेट सकाळची ठेवावी. दहाला बोलवावे, अकरा-साडेअकराला जेवावे आणि दुपार मोकळी सोडावी. आपल्या दहाव्या व्रतात, देशावकाशिकात, त्या दिवसापुरती आपल्या हालचालींची मर्यादा आखून घ्यायची असते. त्या दिवसाची मर्यादा 'हे घर आणि ही माणसे' इतकीच ठेवावी. दुकान नोकरांवर सोपवावे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. व्यापाऱ्याने दिलेली सर्वांत मोठी भेट म्हणजे त्याने बाजारात न घालवलेला दिवस.

दुसरी गोष्ट बसण्याची. घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला पाहुण्याच्या शेजारी बसवावे, टोकाला नव्हे. ऐकू कमी येत असेल तर टीव्ही बंद ठेवावा. बा किंवा बापूजी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असतील तर मध्येच तोडू नये. पुष्कळदा तिसऱ्या वेळी त्या गोष्टीत नवे नाव येते. घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने परवानगी घेऊन ते बोलणे फोनवर ध्वनिमुद्रित करावे. जुनी छायाचित्रे पेटीतून काढून ठेवावीत, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत. ज्यांना ती नावे ठाऊक आहेत, ते दोन्ही बाजूंचे साक्षीदार त्या दिवशी एकाच खोलीत असतील. असा योग पुन्हा येईलच असे नाही.

तिसरी गोष्ट फिरण्याची. पाहुण्यांना नवे मॉल दाखवण्याची गरज नसते. अंबरनाथचे शिवमंदिर दाखवावे. वालधुनीच्या काठावरील ही वास्तू शके ९८२ची, म्हणजे इसवी सन १०६०ची, शिलाहार राजांच्या काळची. ज्या परिसरात सारे काही बदलले, तेथे जवळजवळ हजार वर्षे उभी असलेली एक गोष्ट पाहून परतणाऱ्या माणसाला धीर येतो. मग कॅम्पात न्यावे. बराक नसेल, पण ज्या वळणावर ती होती ते वळण असते. शाळा असते, विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर ही स्थानके असतात, सकाळचे दाल-पकवान असते. तेथे पायी चालू द्यावे, आणि गाडीतून सगळे समजावून सांगण्याचा मोह टाळावा. चालता चालता त्याची पाऊले आपोआप थांबतील, तेथे आपणही थांबावे.

चौथी गोष्ट शोकाची. परदेशी राहिलेल्या माणसाच्या गैरहजेरीत येथे अनेक मृत्यू झालेले असतात. सुतक फिटलेले असते, तसबिरीला हार जुना झालेला असतो, आपले अश्रू वाळलेले असतात. त्याचे मात्र रडणे राहून गेलेले असते. तो तसबिरीसमोर उभा राहिला, की आपण घाईने म्हणतो, "जाऊ दे, खूप वर्षे झाली." आपल्याला झाली, त्याला आजच झाली. त्याला तेथे उभे राहू द्यावे. शेवटचे दिवस कसे गेले हे त्याने विचारले तर खरे आणि सावकाश सांगावे.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आहे, आणि व्यापारी घरांनी ती टाळू नये. दोन घरांची मैत्री तुटण्याचे कारण बहुधा पैसा असते. भागीदारी विस्कटली, तोंडी दिलेल्या रकमेची तारीख विसरली गेली, पागडीच्या जागेवरून दोन भाऊबंदांसारखे शेजारी अबोल झाले. परदेशी गेलेल्या घरांशी असे काही झाले की अंतर त्यावर पांघरूण घालते. भांडण होत नाही, समेटही होत नाही. संवत्सरीला आपण 'मिच्छा मि दुक्कडम्'चा संदेश शेकडो क्रमांकांवर एकाच वेळी पाठवतो. ज्याची खरोखर क्षमा मागायची आहे त्यालाही त्या यादीतूनच तो जातो, किंवा नेमका त्यालाच जात नाही. क्षमापनेचा अर्थ इतका स्वस्त नाही. ते घर या हिवाळ्यात पंधरा दिवसांसाठी येत असेल, तर समोर बसून, नाव घेऊन, त्या विशिष्ट व्यवहाराचा उल्लेख करून क्षमा मागावी आणि द्यावी. रकमेचा प्रश्न असेल तर तो वडीलधाऱ्यांनी हयातीत मिटवावा. मुलांना दुकान वारशाने द्यावे, वैर देऊ नये. समोरच्याने त्या दिवशी हात पुढे केला नाही, तरी आपल्याकडून गाठ सुटलेली असते, आणि ती सोडण्यासाठी पर्युषणापर्यंत थांबण्याची आवश्यकता नाही.

शेवटी मुलांविषयी. आपली नातवंडे आणि त्यांची नातवंडे यांच्यात सामायिक बालपण नाही, वस्ती नाही, कधी कधी भाषाही नाही. त्यांना एकत्र बसवून "खेळा" म्हटल्याने मैत्री होत नाही. ती आपापल्या पडद्यांत डोके घालून बसतात. त्यांना एक काम द्यावे. दोघांनी मिळून आजीकडून बटाटा नसलेली ती सिंधी कढी शिकावी, किंवा दोन्ही घरांची वंशावळ एका मोठ्या कागदावर काढावी: कोण कोणत्या गावाहून निघाले, कोणत्या बराकीत आले, आज कोठे आहे. हैदराबाद, मांडवी, कॅम्प चार, बदलापूर, हाँगकाँग अशी गावांची नावे एका रेषेत आली, की त्या मुलांना आपण एकमेकांचे कोण हे आपोआप कळते. आपल्या वाडवडिलांची मैत्री कामातूनच जमली होती. पुढच्या पिढीचीही तशीच जमेल.

या महिन्यात ज्यांच्या घरी असा फोन येईल, त्यांनी हॉटेलात जागा राखण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला एक प्रश्न विचारावा: "या पाहुण्यांच्या आईवडिलांविषयी तुम्हाला काय आठवते?" उत्तर येण्यास वेळ लागेल. ते आले की भेटीच्या दिवशी कोणता वाटा काढून ठेवायचा आहे, हे घरातील सर्वांना समजेल. त्याप्रमाणे दुपार मोकळी ठेवावी आणि खिचडीत मूठभर तांदूळ अधिक टाकावेत.

जय जिनेंद्र.